खोट्या माळेचं तीर्थ

दुपारचे चार वाजत आले की माझ्या उजव्या हाताची तर्जनी आपणहून कामाला लागते. आधी गाऊनचा खिसा चाचपते, मग ओट्याच्या कडेवरून फिरते, आणि लक्ष ठेवलं नाही तर सरळ ओठांपर्यंत येते. मशेरी सोडून बरेच महिने झाले हे मला ठाऊक आहे. बोटाला अजून कोणी सांगितलेलं दिसत नाही.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. चुरून तिची पूड करायची, बोटाने दातांना लावायची, डोकं जरा हलकं होईपर्यंत तशीच बसू द्यायची आणि चूळ भरायची. पुरुष प्यायला की त्याला बेवडा म्हणतात. बाई मशेरी लावते तेव्हा म्हणतात, ‘त्यांना सवय आहे.’ या एका शब्दाच्या आडोशाला मी निम्मं आयुष्य काढलं. सरकारी कचेरीत नोकरी केली, इस्त्रीच्या साड्या नेसले, हाताखालच्या लोकांना शिस्तीवर भाषणं दिली आणि जेवणाच्या सुट्टीत बाथरूमची कडी लावून दात घासत उभी राहिले. बाळंतपणानंतर दाढ दुखत होती म्हणून सासूबाईंनी चिमूटभर दिली होती. दाढ पुढे काढून टाकली. मशेरी राहिली.

घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कोणालाच माहीत नव्हतं. नवरा फिरायला बाहेर पडला की मी तवा चढवायची, खिडक्या उघडायची, पंखा लावायची. वरच्या मजल्यावरच्या वहिनी खोकायला लागल्या की समजायचं, भाजून झाली. नवरा परत आला की म्हणायचा, ‘मिरची जळली वाटतं आज.’ मी म्हणायची, ‘हो, जळली.’ झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ उघडली फक्त एका बाईने, आणि तीही पहिल्याच दिवशी. आम्ही सुकापूरला नवीन राहायला आलो तेव्हा बिल्डिंगमध्ये कोणाचं नाव कळायच्या आत तिची ओळख झाली. उरणकडच्या खाडीकाठच्या गावची कोळीण. सकाळी पनवेलच्या बाजारात बसायची, उरलेली मासळी पाटीत घालून दुपारी आमच्या गल्ल्यांतून फिरायची. सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायची; वयाने माझ्यापेक्षा फार मोठी नसेल. ती मात्र मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणाली. मी मांदेलीचा भाव करत होते, तर भाव सोडून ती माझ्या दातांकडेच बघत राहिली.

“वैनी, तू बी लावतेस ना गो?”

मी काही बोलायच्या आत तिने कमरेची मशेरीची चंची सोडली आणि माझ्यापुढे धरली. तेव्हापासून आमचं दार तिचं शेवटचं दार झालं. चारच्या सुमाराला पाटी उतरायची, मी चहा टाकायची, आणि चहानंतर दोघी उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बसून मशेरी लावायचो. ती अख्ख्या बिल्डिंगची निंदा करायची. कोणत्या मजल्यावरची सून पापलेट घेते आणि सासूला बोंबील सांगते, हे मला तिच्याकडूनच कळायचं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर तिच्याकडे सल्ला असायचा आणि तो बहुतेक चुकीचा असायचा. मशेरीने दात लोखंडासारखे होतात, हे तिचंच म्हणणं, आणि हे सांगताना तिचे खालचे दोन दात हलत असायचे. निवृत्तीनंतर माझ्या मैत्रिणी फोनमध्ये राहिल्या होत्या. समोर बसणारी ही एकच होती.

मग मी एका दाताच्या कामाला डेंटल कॉलेजच्या दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांनी माझा गाल आतून ताणून बराच वेळ पाहिला. पांढरा चट्टा होता. आता सोडलीत तर हा जाईल, ते म्हणाले, नाही सोडलीत तर याचं दुसरंच काही होईल. त्या दुसऱ्या गोष्टीचं नाव त्यांनी घेतलं नाही आणि मीही विचारलं नाही. घामाने माझा ब्लाउज पाठीला चिकटला होता.

शेजारच्या खोलीत व्यसन सोडवणारी एक तरुण मुलगी बसायची. मला वाटलं, आता ही मला उपदेश करणार. तिने केला नाही. म्हणाली, “काकू, तलफ येते, चढते आणि उतरते. ती कायम राहत नाही. उतरेपर्यंत हात आणि डोकं दुसरीकडे गुंतवायचं, एवढंच काम. आणि ज्यांच्यासोबत बसून लावता, त्यांच्यापासून थोडे दिवस लांब राहा, नाहीतर सरळ सांगून टाका की मी सोडली, तुम्हीही सोडा.”

तिने दोन वाटा सांगितल्या होत्या. मी सोयीची तेवढी ऐकली.

हात गुंतवायला मी काय काय केलं! विणकाम काढलं, सुया दोन हातांत असतात पण तर्जनी मोकळीच राहते, ती बरोबर संधी साधते. शब्दकोडी सोडवायला घेतली. पेन तोंडात जायला लागलं. चालायला जायचं ठरवलं, तर आमच्या इथे चार पावलं चाललं की नवीन इमारतीचं खोदकाम आणि प्रत्येक पानटपरीवर पुड्यांच्या माळा. बडीशेप खाऊन खाऊन तोंडाला चव राहिली नाही. चिडचिड तर अशी, की नवऱ्याने पेपरची घडी मोडली म्हणून मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते.

शेवटी उपयोगी पडले वाल. आमच्या रायगडात कडव्या वालाचं बिरडं सणालाही चालतं आणि सुतकातही, पण ते करायचा कंटाळा येतो तो सोलण्याचा. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची. दाणा पटकन निसटतो. दोन्ही हात ओले, तर्जनी आणि अंगठा कामात, डोळे परातीत. ओलं, वालाच्या उग्र वासाचं बोट तोंडात घालावंसं वाटत नाही. परातीच्या तळाशी पोचेपर्यंत तलफ उतरलेली असायची. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी स्वयंपाकघरात एकटीच हसले.

त्यानंतर घरात बिरड्याचं राज्य आलं. भाजी बिरड्याची, भात डाळिंब्यांचा, उरलेल्या वालाची उसळ. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना डबा, सेक्रेटरींना डबा, वॉचमनला डबा. नवरा एकदा ताटाकडे बघून म्हणाला, “आता मलाच मोड यायचे बाकी आहेत.” पण तो जेवला निमूट. तवा चढत नाही, मिरची जळत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. त्याने ते बोलून दाखवलं नाही, मीही नाही. आमचा संसार असाच झाला.

प्रश्न चार वाजताचा होता. पहिल्या आठवड्यात मावशी दोनदा आली आणि दोन्ही वेळा मी दार उघडलं नाही. बाहेरून हाक येत होती, “वैनी, झोपलीस का गो?” आणि मी परात मांडीवर घेऊन, वाल हातात तसाच धरून, श्वाससुद्धा हळू सोडत बसले होते. दाराच्या फटीतून मासळीचा वास येत होता, आणि खरं सांगते, मला त्यात मशेरीचा वास येत होता. तिचं पाऊल जिन्यावरून उतरल्यावर मी दाणे असे सोलले की नखं दुखली. भीती तिची नव्हती. ती चंची सोडेल आणि मी हात पुढे करीन, याची होती. पण बंद दाराबाहेर उभं राहणाऱ्या माणसाला हे कुठून दिसणार?

तिसऱ्या वेळी दार नवऱ्याने उघडलं. तिने पाटी टेकवली, मला नखशिखांत पाहिलं.

“काय गो, म्हावरा नको, चा नको, तोंड लपवतेस. माळ बीळ घातलीस का काय?”

मी म्हटलं, “हो.”

आमच्याकडे माळ घातली म्हणजे मांसमच्छी बंद आणि सगळी व्यसनंही बंद. एका ‘हो’मध्ये माझे सगळे प्रश्न मिटत होते. खोटं मला शोधावंही लागलं नाही; तिने वाढलं, मी ताटात घेतलं.

“अगो बाय! आदी नाय का सांगायचा!” म्हणत तिने पाटी झटक्यात उचलून जिन्यात नेली. परत येऊन, माझ्या उंबऱ्याशी पाटीतलं पाणी सांडलं होतं ते स्वतःच्या फडक्याने पुसलं, आणि देवाच्या खोलीपुढे उभी असल्यासारखी दोन्ही गालांना हात लावून घेतले. मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी दार लावून घेतलं आणि सुटले एकदाची, असं मला वाटलं. त्या सुटकेची लाज नंतर आली. आधी आली ती सुटकाच.

खोटं एकटं राहत नाही, त्याला सोबत लागते. जुन्या पनवेलमध्ये पूजेच्या सामानाच्या दुकानातून मी तुळशीची माळ आणली. गुरू नाही, नेम नाही, काही नाही. ती दाराजवळच्या खिळ्याला, किल्ल्यांच्या शेजारी टांगलेली असायची. रस्त्यावरून “म्हावरा घ्या गो” ऐकू आलं की मी गळ्यात घालायची, ती गेली की परत खिळ्याला. नवऱ्याची तर पंचाईतच झाली. ती अख्ख्या बिल्डिंगला मासळी विकते, मग आमच्या घरातून तळणीचा वास आला तर माझी माळ उघडी पडणार. “मशेरी तू सोडलीस आणि जिताडा माझा गेला,” तो म्हणायचा. एकदा बाहेरून मासे खाऊन आला आणि मुलासारखे हात हुंगत बसला. एकदा मात्र खिळ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाला, “मला फसव, तिला फसव. देवाला तरी मध्ये घेऊ नकोस.” मी त्याच्यावर खेकसले. बरोबर बोलणाऱ्या माणसावर मी नेहमीच जास्त खेकसते.

मला वाटलं होतं, ती येणं बंद करेल. तिने ते केलं नाही. पाटी खाली वॉचमनकडे ठेवायची, नळावर हातपाय धुवायची आणि वर येऊन दारापासून जरा लांब बसायची. “माळकऱ्याच्या घरी काय नेऊ?” म्हणून कधी झेंडूची फुलं आणायची, कधी तिच्या बहिणीच्या शेतातले वाल. ज्या वालांनी मी तिला टाळत होते, तेच ती पदरात बांधून आणत होती, आणि मी ‘कशाला आणलंत’ म्हणत घेत होते. मला ती आता ‘तुमी’ म्हणायची. निंदा बंद झाली, कारण माळकऱ्यापुढे ती करायची नसते. पापलेट घेणाऱ्या सुनेचं पुढे काय झालं, मला कळलंच नाही. चहा निमूट प्यायची, देवाधर्माचं काहीतरी विचारायची. मी टीव्हीवर ऐकलेलं काहीतरी सांगायची आणि ती मान डोलवायची. एका बडबड्या, आगाऊ बाईला मी माझ्यापुढे गप्प बसवलं होतं. माझ्यापुढे ती चंचीही सोडायची नाही. मशेरी ती जिना उतरल्यावर लावायची. खिडकीतून मला दिसायचं.

माझं काम मात्र झकास चाललं होतं. समुपदेशन करणारी ती मुलगी खूश होती. “आणि ती मैत्रीण? तिला सांगितलंत ना?” तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, “सांगितलं की.”

मग एक दिवस मावशीने चहा नको म्हटलं.

“गरम लागतंय. तोंड आलाय. तिखट बी नाय खाववत.”

“कधीपासून?”

“जाले की बरेच दिस. गालाला आतून सोलल्यावानी वाटतंय.”

माझ्या पुढ्यात परात होती. मला अजून आठवतं, माझे हात थांबले नाहीत, उलट भराभर चालायला लागले. दाणा, साल, दाणा, साल. त्या मुलीने मला शिकवलं होतं की नको ते मनात आलं की हात आणि डोकं दुसरीकडे लावायचं. मी मशेरीसाठी शिकलेली विद्या तिच्यावर वापरली. तलफ टाळता टाळता मी ती समोर बसलेली बाईच टाळायला शिकले होते, आणि त्यात मी चांगलीच तयार झाले होते.

“डॉक्टरला दाखवा,” मी परातीकडे बघत म्हटलं.

“डॉक्टरला काय कलतंय?” ती म्हणाली, आणि हात जोडले. “तुमी माळकरी. तुमच्या हातचा तीर्थ द्या. बरा व्हईल.”

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. सांग की माझ्याही गालाला आतून असंच काहीतरी होतं आणि मला ठाऊक आहे ते काय असतं. पण ते सांगायचं तर माळ काढावी लागत होती, दोनदा न उघडलेलं दार सांगावं लागत होतं. मी उठले. देवापुढच्या तांब्यात नळाचं पाणी होतं. गॅलरीतल्या कुंडीतलं तुळशीचं पान त्यात टाकलं आणि पळीने तिच्या ओंजळीत दिलं. ती डोळे मिटून ते प्यायली आणि तिने ओला हात गालावरून फिरवला. जरा बरं वाटतंय म्हणाली.

ती रोज यायला लागली. मी रोज दिलं. ‘डॉक्टरला दाखवा’ हे मी दर वेळी म्हणायची, आणि म्हटलं की आपण आपलं कर्तव्य केलं असं स्वतःला सांगायची. पण एका हाताने तीर्थ द्यायचं आणि तोंडाने डॉक्टर सांगायचा, यातलं कोण काय ऐकणार? ती घास एकाच बाजूने चावायला लागली होती. नवऱ्याने हे पाहिलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

माझ्या पुढच्या तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा गाल ताणला आणि म्हणाले, “वा, काकू! गेला की.” चट्टा जवळजवळ दिसत नव्हता. मी आनंदाने रडेन असं वाटलं होतं. खुर्चीतून उतरताना मला तिची ओंजळ दिसत होती. आनंद झाला नाही असं नाही. झाला, आणि झाला म्हणून मला माझी किळस आली.

चारला ती आली, उंबऱ्याबाहेर बसली, ओंजळ पुढे केली. मी गळ्यातली माळ काढली आणि तिच्यासमोर बसले. सगळं सांगितलं. चट्टा, डॉक्टर, न उघडलेलं दार, दुकानातली माळ. बोलताना मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं, म्हणून थांबले नाही.

मग तिने पहिली गोष्ट विचारली ती अशी: “म्हंजे ह्ये पानी नलाचा?”

“हो. नळाचं.”

“रोजचा?”

“रोजचं.”

माळेबद्दल ती चिडेल असं मला वाटलं होतं, देवाचं नाव घेऊन शिव्या देईल. तिने माळेकडे पाहिलंसुद्धा नाही. उठली, कमरेची चंची चाचपली, आणि किती दिवसांनी मला पुन्हा ‘तू’ म्हणाली.

“तू डॉक्टरकडं गेलीस, तवा मना नाय नेलीस.”

एवढं बोलून ती गेली. पुढचे चार-पाच दिवस आली नाही. मला मशेरीची इतकी तलफ सोडायच्या पहिल्या आठवड्यातही आली नव्हती. वाल भिजत पडले, मोड लांब झाले, मला हात लावावासा वाटेना. शेवटी मीच पनवेलच्या मासळी बाजारात गेले. ती कोलंबी निवडत होती. मी तिच्या पुढ्यात उभी राहिले तरी मान वर केली नाही. मागच्या गिऱ्हाइकाला देऊन झाली, त्याच्या मागच्याला देऊन झाली. मग शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “सरका गो, शिवू नका. माळकरी बाय आलीय.” बायका माझ्या गळ्याकडे बघायला लागल्या. मी उभीच राहिले. ओल्या फरशीवरचं पाणी माझ्या चपलेत शिरत होतं. आणखी दोन गिऱ्हाइकं झाल्यावर तिने कोयता बाजूला ठेवला.

“कवा जायचा?” तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. डॉक्टरांच्या खुर्चीत बसण्याआधी तिने कमरेची चंची काढून माझ्या हातात दिली. “धर. हितं नको.” मी ती मुठीत धरून भिंतीशी उभी राहिले. कापडातूनसुद्धा वास येत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मैत्रिणीचा गाल डॉक्टर ताणून बघतायत आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलंय, इतकी ही गोष्ट निर्लज्ज आहे. मी डोळे डॉक्टरांच्या हातावर ठेवले.

डॉक्टरांनी या वेळी जास्त वेळ घेतला. पांढऱ्याच्या मध्ये लाल आहे, म्हणाले. तुकडा काढून तपासायला पाठवायचा.

“मावशी, इतके दिवस झाले, काही लावत होतात की नाही? कोणाला दाखवलं?”

“तीर्थ घेत व्हते,” ती म्हणाली.

“तीर्थ? कोणाचं?”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “हाय एक बाय, आमच्याकडं.”

डॉक्टरांनी मास्कवरून माझ्याकडे पाहिलं. आपण शिकलेली माणसं एकमेकांकडे बघतो तसं. “बघा काकू. या असल्या लोकांमुळे पेशंट उशिरा येतात. त्या बाईला आधी इथे आणून बसवायला पाहिजे.”

आणि मी मान डोलावली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. मी ‘हो ना’ अशी मान डोलावली, आणि ते तिने खुर्चीतून पाहिलं.

तुकडा काढून झाल्यावर ती बाहेर आली. अर्धं तोंड बधीर, गालात कापूस. जिना अर्धा उतरल्यावर ती थांबली आणि तळहात पुढे केला. चंची.

“आता नको लावू,” मी म्हटलं. “निदान रिपोर्ट येईपर्यंत. मी सांगते तसं कर, हात कामात ठेव, तलफ उतरते. मी येत जाईन तुझ्याकडे.”

कापसामुळे तिचे शब्द जड येत होते, पण मला सगळे कळले.

“ती बाय कोन, सांगितलीस त्यांना?”

मी खाली पायरीकडे बघितलं.

“नाय ना? मंग दे.”

हात तसाच पुढे होता. मी चंची दिली नाही. वळले आणि जिना चढून परत वर गेले. खुर्चीत दुसरा पेशंट होता, त्याच्या तोंडात मशीन घरघरत होतं. मी दारातूनच म्हटलं, “डॉक्टर, ते तीर्थ देणारी बाई मीच.” त्यांना ऐकू गेलं नाही. मान न वळवता ते म्हणाले, “काय? मोठ्याने बोला.” बाहेर बाकांवर माणसं बसली होती, ती समुपदेशन करणारी मुलगीही दारात आली होती. मी मोठ्याने बोलले, म्हणजे ओरडलेच. मशीन थांबलं. डॉक्टरांनी मास्क खाली केला आणि माझ्याकडे बघितलं. त्या मुलीने मान खाली घातली. कोणीतरी रागावलं असतं तर बरं झालं असतं.

मी खाली आले तेव्हा ती त्याच पायरीवर बसली होती.

“काय बोलले?” तिने विचारलं.

“मोठ्याने बोला, म्हणाले.”

ती हसली. अर्धं तोंड बधीर होतं, त्यामुळे हसू एकाच बाजूला आलं. मग त्या बाजूचा ओठ थरथरायला लागला आणि ती पदरात तोंड घालून रडली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले, चंची मुठीत तशीच होती. लोक आमच्या बाजूने वरखाली करत होते. रिपोर्ट शुक्रवारी मिळेल, असं काउंटरवरच्या बाईने सांगितलं आहे.